कूतला कैद झालेली पुण्याची डिव्हिजन

पुण्याचं नाव असलेली एक अख्खी डिव्हिजन १९१६ साली इराकमध्ये कैद झाली होती हे आज पुण्यातच किती लोकांना माहीत असेल असा प्रश्न मला नेहमी पडतो. सहावी पूना डिव्हिजन, म्हणजे इंग्रजांच्या भारतीय फौजेतली अनेक पलटणींची मोठी तुकडी. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या, बॉम्बे सॅपर्सचे (पूल, खंदक वगैरे बांधणाऱ्या दलाचे) लोक होते, शिवाय पंजाबी, राजपूत, गुरखे आणि काही गोऱ्या पलटणी. मराठा पलटणींमध्ये भरती म्हणजे देशावरचे आणि कोकणातले मराठे, आणि त्यांच्यासोबत दख्खनी मुसलमान. म्हणजे सातारा, रत्नागिरी भागातली शेतकऱ्यांची पोरं. युद्धकैदी म्हटलं की आपल्याला १९७१ आठवतं नाहीतर दुसरं महायुद्ध, पण ही गोष्ट त्याच्याही आधीची आहे आणि आपल्या घराच्या जास्त जवळची आहे.

मुळात हे लोक तिकडे गेले कशाला? इराणमधल्या आबादानच्या तेलाच्या रिफायनरीच्या रक्षणासाठी. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला आणि लगेच भारतातून फौज पाठवून इंग्रजांनी तुर्कांच्या ताब्यातलं बसरा घेतलं. तिथे थांबायला हवं होतं. पण एकामागून एक विजय सोपे मिळत गेले, बगदाद जवळ दिसायला लागलं आणि जनरल टाउनशेंडची डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने वर वर ढकलली गेली. मागून रसद पुरेशी नाही, बोटी कमी, जखमींना न्यायला धड ॲम्ब्युलन्स नाही, स्प्रिंग नसलेल्या गाड्यांवर माणसं टाकून नेत होते. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी मोठी लढाई झाली, साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि उरलेली डिव्हिजन लढत लढत मागे फिरून ३ डिसेंबरला कूत-अल-अमारा या गावात येऊन बसली. कूत नदीच्या वळणात आहे, तीन बाजूंना पाणी. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत उठलाच नाही. जवळजवळ पाच महिने.

कैदेत पुढे इतकी माणसं का मेली याचं अर्धं उत्तर या पाच महिन्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. गव्हाचा आटा संपत आला, तूप संपलं, भाजी नाहीच. घोडे आणि खेचरं मारून खायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी खाल्लं, आपल्या बहुतेक शिपायांनी कित्येक आठवडे हात लावला नाही. भारतातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या तरी नाही. नंतर याच्यावरून टाउनशेंडने भारतीय शिपायांना बरीच नावं ठेवली, आणि ते वाचताना मला अजूनही राग येतो, कारण त्या माणसांची भीती अगदी खरी होती, घोडा खाल्ला हे गावात कळलं तर जातीबाहेर टाकतील, पोराबाळांची लग्नं होणार नाहीत, आणि गावाकडे परत जायचं या एकाच आशेवर तर ते तग धरून होते ना. शेवटी एप्रिलमध्ये उपासमार इतकी झाली की बहुतेकांनी खाल्लं. पण तोपर्यंत स्कर्व्ही (ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणारा रोग) पसरला होता, हिरड्या सुजून रक्त यायचं, रानातला पाला गोळा करून शिजवायचे. दळायला जात्याचे दगड नव्हते तर ते विमानातून टाकले. नंतर धान्याची पोतीसुद्धा विमानातून टाकायचा प्रयत्न झाला, वेढ्यात अडकलेल्या फौजेला असं हवेतून खाणं पोचवायचा जगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग, पण दोन आठवड्यांत सगळं मिळून सातआठ टन, आणि खाणारी तोंडं तेरा हजारांवर, वर गावातले लोक वेगळेच.

सोडवायला आलेल्या फौजेची वीस हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, ती कूतपर्यंत पोचलीच नाही. तुर्कांना वीस लाख पौंड देऊन सुटका करून घ्यायचा प्रयत्नसुद्धा झाला, त्यांनी नाकारला. मग शरणागती.

सुमारे ११०० अति आजारी लोकांची अदलाबदल झाली, ते सुटले. बाकीच्यांना नदीच्या वरच्या अंगाला शुमरानला नेलं. तिथे तुर्कांनी दगडासारखी कडक बिस्किटं दिली, महिनोन्महिने उपाशी असलेल्या पोटांना ती सोसली नाहीत, माणसं चालायला लागायच्या आधीच मरायला लागली. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेलं. शिपाई पायी. मे महिन्याचं ऊन, पहारेकऱ्यांचे चाबूक, पाण्यासाठी बूट विकायचे, भाकरीसाठी ब्लँकेट विकायचं. बगदादहून समारापर्यंत रेल्वे होती, त्यापुढे परत चालणं, तिक्रित, मोसूल, निसिबिन करत आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनपर्यंत, सगळं मिळून आठशे-नऊशे किलोमीटर. जो मागे पडला तो बहुतेक तिथेच राहिला.

हे सगळं मुद्दाम केलेलं क्रौर्य होतं का, यावर वाद आहेत. तुर्कांचे स्वतःचे शिपाईसुद्धा अर्धपोटी होते हे खरंच आहे. पण कैद्याला निदान आपल्या सैनिकाइतकं तरी खायला घालावं हा नियम युद्धाचे नियम ठरवणाऱ्या हेगच्या करारात तेव्हाही होता, आणि चालवत नेताना जे झालं ते नुसत्या गरिबीने होत नाही.

रास-अल-ऐनला भारतीय कैद्यांना बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं. गोऱ्या शिपायांना पुढे ॲनाटोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, डोंगरातले बोगदे खोदायला नेलं. मुसलमान शिपायांना काही ठिकाणी वेगळं काढून जरा बरं वागवलं, खलिफाच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या, बाजूने या असं सांगितलं. आणि याच रास-अल-ऐनला तुर्कांनी आपल्याच मुलखातल्या ख्रिस्ती आर्मेनियन लोकांना हाकलून आणलेलं होतं, त्यांच्या कत्तली झाल्या होत्या, म्हणजे आपली माणसं जिथे रूळ टाकत होती तिथे त्याहून भयंकर काहीतरी नुकतंच घडून गेलं होतं.

तरी माणसं तगली. कशी तगली हे आपल्याला मुख्यतः बंगाली लोकांमुळे कळतं. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचे सिसिर सर्वाधिकारी यांनी डायरी लिहिली, ती सापडू नये म्हणून पानं फाडून बुटात लपवली, दवाखान्यात काम केलं, तुर्क आणि आर्मेनियन लोकांशी ओळखी केल्या. कॅप्टन कल्याण मुखर्जी हे डॉक्टर, स्वतः कैदी असून रास-अल-ऐनला आजाऱ्यांना बघत राहिले आणि १९१७ मध्ये तिथेच तापाने गेले. त्यांनी आईला लिहिलेल्या पत्रांवरून त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आजीने त्यांचं चरित्र लिहिलं. ही गोष्ट मला फार लागते. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या आज्यांनीही नातू गमावले असतीलच, पण त्यांना लिहिता येत नव्हतं, नातवालाही बहुतेक येत नव्हतं.

टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला आणि कैदेत असतानाच त्याला सर ही पदवी मिळाली. १९१७ मध्ये या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया (म्हणजे इराक) कमिशनचा रिपोर्ट आला, रसद आणि औषधपाण्याच्या गोंधळावर सडकून टीका झाली, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. ३० ऑक्टोबर १९१८ च्या तुर्कांशी झालेल्या मुद्रोसच्या युद्धबंदी करारात कैदी परत द्यायचं कलम आलं तेव्हा कुठे सुटका.

सुमारे २६०० गोऱ्या शिपायांपैकी जवळजवळ ७० टक्के परत आले नाहीत. दहा हजारांवर भारतीयांपैकी सुमारे ३०००, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं काय झालं याचा कधी पत्ताच लागला नाही. या दहा हजारांत तीन हजारांवर तर शिपाईसुद्धा नव्हते, भिस्ती, खानसामे, खेचरवाले, मेहतर असे लोक होते, त्यांनी बंदूक कधी धरलीच नव्हती, पण चालले तेवढंच आणि मेलेही तसेच.

युद्धकैद्यांसाठी वेगळा जिनिव्हा करार १९२९ ला झाला, त्यामागे पहिल्या महायुद्धातले असे सगळे अनुभव होते.

मराठा पलटणी नव्याने उभ्या राहिल्या. बसऱ्याला मोठं स्मारक झालं, चाळीस हजारांवर लोकांचं, पण त्यावर भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांसाठी पलटणीपुढे नुसता आकडा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने (ही स्मारकं आणि कबरी सांभाळणारी संस्था) या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्या गावांमध्येही त्या काळात सरकारने बसवलेले दगड आहेत, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले, एवढंच लिहिलेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले तर ४६ जण त्या युद्धात मेले असं सांगतात. तुमच्या गावात चावडीपाशी, शाळेच्या भिंतीत असा दगड असेल तर फोटो काढून ठेवा, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यातली नावं आधी विचारून घ्या.