जीपीएस चुकतं तेव्हा खेळ रंगतो

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत असतात. तो संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा काढतो. संदेश येतो प्रकाशाच्या वेगाने, त्यामुळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची गफलत म्हणजे थेट ३०० मीटरची चूक! मोकळ्या मैदानात हिशेब काही मीटरच्या आत जमतो. उंच इमारतींमध्ये मात्र संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतो आणि पडद्यावरचे आपण अचानक समोरच्या फुटपाथवर दिसू लागतो.

शहरात फिरून खेळायचा गेम करणाऱ्यांना ही चूक टाळता येत नाही. मग तिचं करायचं काय?

याचं मजेदार उत्तर २००१ मध्ये ब्रिटनमधल्या शेफील्डला मिळालं. ‘ब्लास्ट थिअरी’ हा कलाकारांचा गट आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाची प्रयोगशाळा यांनी मिळून एक पकडापकडी रचली. पळणारे घरबसल्या इंटरनेटवर, शहराच्या आभासी नकाशात. पकडणारे खऱ्या रस्त्यांवर, हातात जीपीएस घेऊन. धावता धावता पकडणाऱ्यांना कळलं, की काही ठिकाणी जीपीएस नीट चालतच नाही. मग काय, ते तिथे पळणाऱ्यांना नकाशावर न दिसता दबा धरून बसू लागले आणि एकदम बाहेर येऊन झडप घालू लागले. ही युक्ती खेळ रचणाऱ्यांनी शिकवली नव्हती.

ग्लासगो विद्यापीठातल्या मॅथ्यू चाल्मर्स यांच्या गटाने पुढे अशा उणिवांवरच खेळ बेतला. त्यात बरीचशी नाणी वाय-फाय नसलेल्या भागात. ती गोळा करायची, पण खात्यात जमा करायला वाय-फायच्या टापूत परतायचं. आणि तिथे दुसरा खेळाडू जवळ आला, तर तो खिसा कापणार! मला ही कल्पना फार आवडते.

बाजारातल्या गेमला एवढी चैन परवडत नाही. तिथे साधा उपाय म्हणजे खेळातल्या ठिकाणाभोवतीचं वर्तुळ मोठं ठेवणं, म्हणजे थोडं लांबूनही ते गाठलं असं धरलं जातं. ‘पोकेमॉन गो’मध्ये ठिकाणापासून ४० मीटरच्या आत जावं लागे. २०२० मध्ये कोविडमुळे हे अंतर ८० मीटर केलं. पुढच्या वर्षी काही देशांत ते पुन्हा कमी करताच खेळाडू इतके भडकले, की कंपनीला ८० मीटर कायम करावे लागले. मोठ्या वर्तुळामुळे समोरच्या बाजूचं ठिकाण रस्ता न ओलांडताही गाठता येतं, हे खेळाडूंना केव्हाच पटलं होतं.