पुरातत्त्व म्हणजे नुसतं खोदकाम?

पुरातत्त्वज्ञाच्या हातात कुदळ असणार आणि चांगली जागा सापडली की ती खोदलीच पाहिजे, हा समज जुना आहे. ऑस्ट्रेलियात या व्यवसायाचं शिक्षण घेणाऱ्यांना तो लवकर सोडावा लागतो. तिथलं बरंचसं काम खाणी, रस्ते, वसाहती होण्याआधीच्या पाहणीचं. ठरावीक अंतर ठेवून रांगेत चालायचं, नजर जमिनीवर. आपोआप फुटलेला दगड कोणता आणि माणसाने फोडलेला कोणता, हे ओळखायचं; माणसाने काढलेल्या कपचीवर घावाच्या जागेखाली सहसा फुगवटा दिसतो. होडीसाठी साल काढलेल्या झाडावरचा व्रण, शिंपल्यांचे ढीग, सगळं नकाशावर नोंदवायचं. मग अहवाल. कंटाळवाणा, पण निर्णय त्यावरच होतात.

खोदलं म्हणजे वारसा वाचला, हेही खरं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकन गॉर्ज इथल्या शैलाश्रयात, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक निवाऱ्यात, खाणकामाआधी, २०१४ साली, उत्खनन झालं. सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराचे पुरावे मिळाले. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची केसांची वेणीही मिळाली. तिच्या डीएनएचं नातं आजच्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांशी जुळलं. तरी मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने ती जागा सुरुंगाने उडवली, तीही मूळ रहिवाशांच्या वारशाविषयीच्या १९७२ च्या राज्य कायद्याखाली रीतसर परवानगी घेऊन!

म्हणूनच तिथल्या मूळ रहिवाशांशी आधी बोलणं, त्यांनी नको म्हटलं तर फावडं खाली ठेवणं, हे मला दगड ओळखण्याइतकंच व्यावसायिक कौशल्य वाटतं.