लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी)

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी अशा दोन्ही सुरू होतात. विसरायला नको म्हणून पुष्कळ जणी रात्री जेवल्यावर दोन्ही एकदमच घेऊन टाकतात. पण कॅल्शियम आतड्यात लोहाला आडवं येतं. गोळ्या नियमाने घेऊनही हिमोग्लोबिन रेंगाळत असेल, तर आधी वेळा तपासा. दोन्हींमध्ये निदान दोन तास जाऊ द्या.

चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटकही लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी न लागता बाहेर पडतं. लोहाच्या गोळीआधी आणि नंतर तासभर चहा नको, दूधही नको. लिंबू सरबत किंवा पेरू चालेल, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. उपाशीपोटी ही गोळी सर्वांत जास्त लागू पडते. मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या, पण परस्पर बंद करू नका. शौचाला काळी होणं हे बहुधा लोहामुळेच असतं.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावं, कारण ते विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. सिट्रेट असेल तर कधीही चालतं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी जास्त जपावं. ती सकाळी उपाशीपोटी घ्या आणि लोह, कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवा. नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट बिघडतो आणि गरज नसताना डोस वाढतो. काही अँटिबायोटिकचंही लोह-कॅल्शियमशी जमत नाही, तेव्हा घेताना आम्हाला विचारा.

ड जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं जातं, याची आम्हाला फार काळजी वाटते. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडांना इजा होते.

मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल आणि तळपायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना बी-12 जीवनसत्त्व तपासायला सांगा, कारण या गोळीने ते कमी होऊ शकतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन रक्त सुधारेल, पण बी-12 कमी असेल तर नसांचं नुकसान चालूच राहील.

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून काउंटरवर आणा, आयुर्वेदिक आणि ऑनलाइन मागवलेल्यासुद्धा. कोणती केव्हा घ्यायची ते मराठीत लिहून देऊ. डोस मात्र डॉक्टरच ठरवतील.