घुबडांची जोडीनिष्ठा

घुबडांच्या बहुतेक जातींत एक नर आणि एक मादी निदान एका विणीपुरते, आणि पुष्कळदा दोघांपैकी एक मरेपर्यंत एकत्र राहतात. या वर्तनाला जोडीनिष्ठा म्हणतात. गोव्यात ते पाहायला रानात जावे लागत नाही. गावातल्या जुन्या आंब्यावर पिंगळ्यांची जोडी दिवसाउजेडी एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसते, एकमेकांच्या डोक्याची पिसे चोचीने विंचरते आणि तिन्हीसांजेला दोघे मिळून कर्कश कलकलाट करून आपली हद्द जाहीर करतात.

पिंगळा वस्तीत आणि कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत राहतो. गव्हाणी घुबड जुन्या घरांच्या माळ्यांवर, मनोऱ्यांत आणि पडक्या वास्तूंत असते. मत्स्य घुबड ओहोळ आणि नद्यांच्या काठची मोठी झाडे धरून राहते, तर रानपिंगळा आणि तपकिरी वन घुबड मोलें, खोतिगाव, म्हादई अशा घाटाकडच्या जंगलांत आढळतात.

जोडी टिकण्याचे मूळ कारण कामाच्या वाटणीत आहे. बहुतेक घुबडांत अंडी उबवणे हे केवळ मादीचे काम, आणि त्या काळात तिला खाऊ घालणे हे केवळ नराचे. गव्हाणी घुबडाची मादी साधारण दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अशी बहुधा 4 ते 7 अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. प्रत्येक अंड्याला सुमारे 30 दिवस लागतात. म्हणून एकाच घरट्यात उडायच्या बेताला आलेले थोरले पिल्लू आणि त्याच्याहून दोन आठवड्यांनी धाकटे असे दोन्ही दिसतात. पिल्ले सुमारे तीन आठवड्यांची होईपर्यंत मादी घरट्याजवळच असते. तोवर तिचे आणि सगळ्या पिल्लांचे पोट एकट्या नरावर चालते. त्याची शिकार सलग काही रात्री कमी पडली की मादीला स्वतः बाहेर पडावे लागते, अंडी गार होतात किंवा धाकटी पिल्ले दगावतात. नर विणीआधीपासूनच मादीला भक्ष्य आणून देऊ लागतो ते याचसाठी: अंडी घालण्याइतकी ताकद तिला त्यातूनच मिळते.

दुसरे कारण जागेचे. गव्हाणी घुबडाचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर असतो. दोन्ही कानांत पोचणाऱ्या आवाजातल्या सूक्ष्म फरकावरून ते काळोखात उंदराची नेमकी जागा हेरते. पिसांच्या पुढच्या कडेला असलेल्या दंतुर झालरीमुळे उडताना आवाज होत नाही. तरीही अंधारात न आदळता शिकार करायची तर हद्दीतली प्रत्येक फांदी, बांध आणि खांब पाठ असावा लागतो. हद्द सोडणे म्हणजे हे सगळे ज्ञान टाकून देणे. त्यामुळे घुबड जोडीदाराइतकेच, कदाचित त्याहून अधिक, आपल्या ढोलीला आणि हद्दीला धरून असते. दोघे एकाच जागेला चिकटून राहतात म्हणून एकमेकांनाही चिकटतात, हा अर्थ वस्तुस्थितीच्या अधिक जवळचा आहे.

ही निष्ठा किती पक्की, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या गव्हाणी घुबडांवर झाला आहे. जनुकीय चाचण्यांत घरट्यातली जवळजवळ सगळी पिल्ले त्याच घरट्यातल्या नराची निघाली. ‘एकनिष्ठ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक गाणाऱ्या पक्ष्यांत असे होत नाही. मात्र वीण फसली तर जोडी मोडण्याची शक्यता वाढते, आणि काही माद्या पहिली पिल्ले नरावर सोपवून त्याच मोसमात दुसऱ्या नराबरोबर दुसरी वीण करतात. उत्तर युरोपातल्या टेंगमाल्म घुबडाचा नर उंदरांच्या सुकाळात दोन माद्यांची घरटी लांब लांब ठेवतो. दुसरीच्या वाट्याला भक्ष्य कमी येते. शिवाय ‘आयुष्यभर’ हा काळ अनेकदा थोडाच असतो: रानातली बहुतेक गव्हाणी पिल्ले पहिले वर्षही पार करत नाहीत, आणि जोडीदार मेला की उरलेला पक्षी दुसरा शोधतो. घुबडाला माणसाच्या व्रतांच्या चौकटीत बसवणे चुकीचेच, पण रोज रात्री न चुकता भक्ष्य घेऊन परतणे हे निष्ठेचे फार ठोस रूप आहे, आणि त्याचे मोल कमी लेखू नये.

पिल्लांचे आपसातले वागणेही विलक्षण आहे. आईबाप बाहेर असताना ती आळीपाळीने ओरडत राहतात. जास्त भुकेले पिल्लू जास्त वेळा ओरडते आणि पोट भरलेली गप्प बसून पुढचा घास त्याला सोडतात. थोरले पिल्लू कधीकधी आपल्या वाट्याचा उंदीर धाकट्याला देते.

गोव्यात पिंगळ्याची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, म्हणजे वायंगणी (हिवाळी) भाताच्या दिवसांत येते. शेतात उंदरांसाठी विष टाकले जाते ते नेमके याच वेळी. ब्रोमाडायोलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि सहज पकडला जातो. असे उंदीर खाऊन नर मेला तर ढोलीतली मादी आणि पिल्ले उपाशी पडतात. विषाऐवजी पिंजरे आणि सापळे वापरणे, बांधांवरची बिळे खणून बुजवणे हेच बरे.

पोकळ जुनी झाडे तोडल्याने आणि माळ्याच्या फटी बुजवल्याने विणीच्या जागा जातात. गव्हाणी घुबडासाठी लाकडी पेटी लावायची तर प्रवेशाचे भोक सुमारे 13 सेंमी चौरस असावे आणि त्याच्या खालच्या काठापासून तळ किमान 45 सेंमी खोल असावा. उथळ पेटी ही सर्वांत मोठी चूक. तीत पिल्ले पंख फुटण्याआधीच भोकाशी येतात आणि खाली पडतात. पेटी जमिनीपासून 3 मीटरहून उंच लावावी, भोक नैर्ऋत्येच्या पावसाकडे करू नये, वर पुढे आलेले छप्पर आणि तळाला पाणी निथळायला छिद्रे ठेवावीत. आत गवत घालायची गरज नसते. घुबडे न पचलेली हाडे आणि केस गोळ्यांच्या रूपात ओकतात, त्यांचाच थर अंड्यांखाली होतो. विणीच्या काळात टॉर्च, फ्लॅश किंवा मोबाइलवर वाजवलेला घुबडाचा आवाज टाळावा, कारण हद्दीत परका आला असे समजून नर शिकार सोडून त्याला हुसकवायला जातो.

खाली पडलेले पिल्लू धडधाकट असेल तर शक्यतो त्याच्या घरट्यातच, कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर, परत ठेवून लांब व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. घरट्यात परत ठेवलेल्या पिल्लाला ते अंधार पडला की येऊन भरवतात. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर हवेशीर खोक्यात, अंधारात, पाणी किंवा दूध न पाजता ठेवावे आणि वन खात्याला कळवावे. घरी पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.