धान्य सोडण्याची पार्श्वभूमी: हेगच्या रुग्णालयापासून बेळगावच्या गिरणीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत अलीकडे 'आम्ही धान्य बंद केलंय' असं कानावर पडू लागलं आहे. पोळी नाही, भात नाही, भाकरीसुद्धा नाही. भाज्या, फळं, अंडी, मासे-मटण, नारळ, सुकामेवा एवढंच, आणि पाकिटातलं काही नाही. पुष्कळदा सुरुवात मुलापासून होते. त्याचं पोट सारखं बिघडतं किंवा वजन आटोक्याबाहेर जातं. मग पोराला एकट्याला वेगळं ताट कसं वाढायचं, म्हणून आई किंवा बापही त्याच्याबरोबर धान्य सोडतो. या आहाराचा जुना इतिहास पाहिला तर तिथेही आजारी मूल आणि हट्टाला पेटलेली आईच भेटते.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये सीलिअक या आजाराचं वर्णन केलं. मुलं खातात पण अंगी लागत नाही, पोट फुगतं, हातपाय काड्या होतात. हा आजार बरा झालाच तर आहाराने होईल, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या एका रुग्णाला रोज हॉलंडचे शिंपले खायला घातल्यावर तो चांगला सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि मूल पुन्हा खंगलं. कारण मात्र कुणालाच सापडत नव्हतं. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळी द्यायला सुरुवात केली आणि ब्रेड, बटाटा, सगळी धान्यं बंद केली. मुलं बरी झाली, म्हणून हास यांनी निष्कर्ष काढला की दोष पिष्टाचाच, म्हणजे स्टार्चचाच.

तो निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. हेगच्या बालरुग्णालयातले डॉक्टर विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि नेमकी ही मुलं त्या काळात बरी राहिली. ब्रेड परत आला तसा आजारही परतला. डिके यांनी 1950 मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला. तिथून उलगडत गेलं की गहू, राय आणि जव यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन या मुलांच्या आतड्याला सोसत नाही. तांदूळ, मका, ज्वारी, नाचणी यांच्याकडे बोट दाखवायचं कारण उरलं नाही.

इथे वाट फुटली. डॉक्टरी शास्त्र ग्लुटेनपुरतं मर्यादित झालं. हास यांचा 'सगळंच धान्य बंद' हा विचार मात्र पालकांनी जिवंत ठेवला. एलेन गॉटशॉल या आईने आठ वर्षांच्या मुलीचा आतड्याचा आजार हास यांच्या आहाराने बरा झाल्याचं सांगितलं, पुढे स्वतः शास्त्राचं शिक्षण घेतलं आणि 1987 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. दरम्यान 1985 मध्ये ईटन आणि कॉनर या अमेरिकी संशोधकांनी अश्मयुगीन माणसाच्या आहारावर गाजलेला निबंध लिहिला. 2002 मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने 'शेतीआधीच्या माणसासारखं खा' ही कल्पना घराघरांत नेली, आणि 2011च्या सुमारास गव्हाविरुद्धची पुस्तकं अमेरिकेत धडाक्यात खपली. आपल्याकडे हे सगळं एकत्र कालवून मोबाइलवर आलं. कुठला भाग आजारासाठी आणि कुठला वजनासाठी, हे निवडायची सोय त्यात नव्हती.

आता आपल्या ताटाकडे पाहू. युरोपात रोजच्या ब्रेडवर आळ आला. बेळगाव भागात गहू रोजचा होऊन किती वर्षं झाली? कृष्णाकाठी खपली गहू पूर्वीपासून होता, पण तो सणाचा. हुग्गी त्याची, पुरणपोळी त्याची. (खपलीत ग्लुटेन नसतं असं बरेच जण ठामपणे सांगतात; असतं.) रोजचं पोट अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडे जोंधळ्यावर आणि खानापूर-जांबोटीच्या पावसाळी पट्ट्यात भात-नाचणीवर चालायचं. म्हणजे तीन पिढ्यांपूर्वीची इथली बहुतेक घरं काही न ठरवता वर्षातले बहुतेक दिवस ग्लुटेनशिवायच जेवत होती.

ग्लुटेन नसणं काय असतं, हे भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला ठाऊक असतं. गव्हाची कणीक ताणली तरी तुटत नाही, म्हणून पोळी लाटता येते. जोंधळ्याच्या पिठाला ती ओढ नाही. परातीत पिठाचं आळं करून त्यात आधणाचं पाणी घालतात, चमच्याने कालवतात, चटका सोसेल इतपत निवलं की तळहाताने रगडून रगडून मळतात. गरम पाण्याने पिष्ट थोडं शिजतं आणि तोच चिकटपणा भाकरीला धरून ठेवतो. पाणी कोमट पडलं की कडा फाटल्याच.

हे ताट बदललं ते टप्प्याटप्प्याने. 1956 मध्ये अमेरिकेशी पी.एल. 480 या त्यांच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली धान्याचा करार झाला आणि रेशनवर परदेशी गहू आला. 1966 मध्ये मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचं 18 हजार टन बियाणं आलं. त्याच 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेत चंदगड वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद सगळ्यांना माहीत आहे. चुलीवरचा परिणाम कमी बोलला जातो. रेशनचं धोरण कुठल्या राजधानीत ठरणार, हेही त्या रेषेने ठरवलं. पुढे घटप्रभेवर हिडकल धरण झालं आणि जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. 2013 मध्ये कर्नाटक सरकारने अन्नभाग्य योजना आणली, गरीब कुटुंबाला महिन्याला 30 किलोपर्यंत तांदूळ रुपया किलोने. भुकेच्या बाबतीत ते मोठं काम होतं. पण तांदूळ जवळजवळ फुकट मिळत असताना महागाचा जोंधळा घेऊन भाकऱ्या थापायला कोण बसणार? गोडेतेल, साखर, बेकरीचा माल हे सगळं याच काळात वाढलं. माझ्या मते मुलांच्या पोटाची तक्रार धान्याकडे नेण्याआधी या यादीकडे न्यायला हवी. धान्य सोडल्यावर ज्यांना बरं वाटतं, त्यांच्या घरात त्याच दिवशी बिस्किटं आणि खारीही बंद झालेली असतात.

बिनधान्याचं जेवण आपल्याला अगदी परकं मात्र नाही. एकादशी आणि महाशिवरात्रीला घराघरांत तेच शिजतं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आणि खानापुरात रताळ्याचं पीक मोठं आहे, शेजारी काजूच्या बागा आहेत. गंमत अशी की हे सनातन वाटणारं उपवासाचं ताट फार जुनं नाही. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, काजू, राजगिरा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळातलं हे येणं-जाणं. उपवासाला चालणारी वरी तर बारीक धान्यच आहे. आणि साबुदाणा धान्य नसला तरी धुऊन काढलेलं निव्वळ पिष्ट आहे. संपूर्ण, न कुटलेलं-न दळलेलं अन्न हवं असेल तर खिचडी बाद. उकडलेलं रताळं चालेल.

कर्नाटकात याच वेळी उलट वारंही जोरात आहे. म्हैसूरचे डॉ. खादर वली यांच्या सिरिधान्य, म्हणजे बारीक भरडधान्यांच्या, प्रचारामुळे नवणे, सावे, हारक अशा धान्यांची दुकानं शहरोशहरी निघाली. त्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि तेच संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. एकाच गल्लीत एक घर धान्य सोडतंय, शेजारचं पाच प्रकारची धान्यं आणतंय, आणि दोघांचंही म्हणणं 'जुन्या खाण्याकडे चाललोय'. जुन्या खाण्याच्या जवळ कोण, असं विचाराल तर मी शेजारच्या घराचं नाव घेईन.

खरा सीलिअक आपल्या भागात कमी आहे. देशभरातल्या पाहणीत उत्तरेत शंभरात एकाहून थोडे जास्त आणि दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण आढळलं. पण ज्याला आहे त्याच्यासाठी नुसती पोळी सोडून भागत नाही. गल्लीतल्या गिरणीत गव्हाच्या डब्यामागून जोंधळ्याचा डबा लागतो, आणि जात्यात राहिलेला गहू पहिल्या पिठातून उतरतो. अशा घराने जोंधळा वेगळ्या घरघंटीवर दळणं बरं. संशय असेल तर रक्ताची तपासणी आधी आणि आहारबदल नंतर. गहू महिनोन्‌महिने बंद ठेवून तपासणी केली तर आजार असूनही ती चुकीने निर्दोष येऊ शकते. वाढत्या मुलाचं सगळंच धान्य काढायचं असेल तर तेवढ्या उष्मांकांचं कंद, अंडी, दूध, सुकामेवा रोज द्यावा लागतो. सरकारी मराठी शाळेत दुपारी अक्षरदासोह या कर्नाटकाच्या माध्यान्ह भोजन योजनेचं भात-सांबार असतं. त्या पंगतीत धान्य सोडलेल्या पोराच्या वाट्याला अंडं किंवा केळं येतं, आणि बाकीचं घरून डब्यात द्यावं लागतं.