यान घर्षणाने तापत नाही हो!

अंतराळवीर शुभांशू शुक्ला १५ जुलै २०२५ ला अंतराळातून परत आले त्या दिवशी लोकलमध्ये दादरपासून ठाण्यापर्यंत एकच चर्चा, यान हवेच्या घर्षणाने तापतं म्हणे. शाळेत आपण पण तेच घोकलंय, पण मुख्य कारण ते नाहीच. यान सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटरने घुसतं, समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाऊन हजारो अंश तापते, ऑक्सिजन-नायट्रोजनचे रेणू फुटतात, थोडे इलेक्ट्रॉन सुटतात आणि झाला प्लाझ्मा. (१८९५ साली चौपाटीवर उडालेल्या विमानाला हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं कवच, होतं असले फॉरवर्ड कृपया पाठवू नका, आधी ते उडाल्याचा तरी धड पुरावा आणा.)

आता हीट शील्ड तपासायला दरवेळी रॉकेट कोण उडवणार? म्हणून जमिनीवरच प्लाझ्मा बनवतात. बेल्जियमच्या फॉन कार्मान इन्स्टिट्यूटमध्ये १.२ मेगावॉटचा प्लाझ्माट्रॉन आहे, १६ सेंटिमीटर व्यासाची नळी, भोवती कॉइल, आतून हवा. तत्त्व इंडक्शन शेगडीचंच, फक्त पातेल्याच्या जागी हवा. आत इलेक्ट्रोड (वीज सोडणारे तांब्याचे तुकडे) नाही त्यामुळे झिजलेल्या तांब्याची भेसळ होत नाही.

खरी गंमत याचं गणित कॉम्प्युटरवर मांडताना येते. हवा गरम असेल तरच वीज वाहून नेते, वीज वाहिली तरच गरम होते, आणि किती वाहणार ते पुन्हा तापमानावर, म्हणजे हवेच्या प्रवाहाची समीकरणं आणि चुंबकीय क्षेत्राची समीकरणं आलटून पालटून सोडवत बसायचं, आकडे हलायचे थांबेपर्यंत. सुरुवातीला थंड हवा दिलीत तर कॉम्प्युटर शांतपणे थंड हवाच परत देतो, आणि गणिताने ते उत्तर बरोबरच असतं! म्हणून सुरुवातीलाच नळीत एक गरम गोळा आहे असं गृहीत धरावं लागतं. खऱ्या यंत्रात पण प्लाझ्मा आधी पेटवावाच लागतो.

शिवाय कॉइलमधल्या विजेची वारंवारता ४०० किलोहर्ट्झ, तिला करंट प्लाझ्मात साधारण दीड-दोन सेंटिमीटरच शिरतो, त्यामुळे उष्णता मधोमध नाही तर कडेच्या कड्यात तयार होते, मध्यभाग तिच्यावरच तापतो, आणि तोच झोत पुढे तपासायच्या हीट शील्डच्या टाइलवर आदळतो.

नळीतला दाब फार कमी केला की अजून एक भानगड, इलेक्ट्रॉन आणि अणूंच्या टकरा कमी पडतात आणि एकाच जागी दोन तापमानं होतात, इलेक्ट्रॉनचं जास्त, बाकीच्यांचं कमी. तिथे एकच तापमान धरणारं मॉडेल चालत नाही.