‘शिवीगाळ’ या शब्दामागे

‘आरोपीने शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली.’ हे वाक्य पेपरात इतक्या वेळा येतं की त्यातल्या ‘शिवीगाळ’ या शब्दाकडे आपलं लक्षही जात नाही. यातला ‘गाळ’ म्हणजे ओढ्यातला चिखल नव्हे. संस्कृतात ‘गालि’, हिंदीत ‘गाली’, कोकणीत ‘गाळ’, सगळीकडे अर्थ शिवी हाच. प्रमाण मराठीत तो या जोडशब्दापुरता उरला आहे.

शिवीची दुसरी जोडी शापाशी: ‘शिव्याशाप’. गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या शिव्या आठवा. ‘मुडदा बशिवला तुझा’, ‘तुझं तळपट होवो’, ‘पटकी आली तुला’. यांत अश्लील काहीच नाही, समोरच्याचं मरण चिंतलेलं आहे. पटकी म्हणजे कॉलरा. साथीत घरंच्या घरं रिकामी होताना पाहिलेल्या पिढीला ही शिवी केवढी लागत असेल! साथ ओसरली तशी तिची धारही गेली. ‘मेल्या’ तर कोकणात मायेची हाक होऊन बसली.

सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. हा ‘बोरीचा बार’. दोन्ही काठ बरोबरीचे आहेत, म्हणून त्या शिव्यांनी कुणी खाली जात नाही.

जिथे बरोबरी नाही तिथला इतिहास वेगळा आहे. ‘रांड’ हा शब्द संस्कृत ‘रण्डा’वरून आला, अर्थ विधवा. ‘रांडाव’ या शब्दात तो अर्थ आजही आहे. नवरा गेलेल्या बाईचं दुःख सांगणारा शब्द आपण तिच्या चारित्र्यावर फेकायचा दगड करून टाकला. मराठीतल्या शब्दांच्या प्रवासात मला याहून लाजिरवाणं काही दिसत नाही.

जातींच्या नावांचंही हेच झालं. नाव तेच, पण वरच्या जातीच्या माणसाने चारचौघांत तुच्छतेने उच्चारलं की ती शिवी. कायद्याला हे कळायला फार वेळ लागला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ५०४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३५२) अपमानाची दखल घेतं ती मुख्यतः शांततेच्या काळजीने: अपमान ऐकून समोरचा भडकेल आणि शांतता भंग होईल का? ज्याला उलट बोलायची सोयच नव्हती, त्याच्या मानाचा विचार त्यात नव्हता. तो विचार १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने केला. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेला पाणउतारा हा त्याने स्वतंत्र गुन्हा ठरवला.

पुढे २००८ मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर थेट शब्दार्थाचाच प्रश्न आला. ‘चमार’ हे तर जातीचं नाव, मग ते उच्चारणं अपमान कसा? न्यायालयाने व्युत्पत्ती बाजूला ठेवली. शब्दाला आजच्या वापरातून जो अर्थ आला आहे तोच पाहायचा, असं निकालात स्पष्ट केलं. भाषेच्या अभ्यासकानेही हेच सांगितलं असतं. त्यानंतर २०१५ च्या दुरुस्तीने जातीच्या नावाने शिवीगाळ करण्यासाठी वेगळं पोटकलम आलं, ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अट मात्र कायम राहिली: ती लोकांच्या नजरेसमोर झाली पाहिजे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं सुचवली गेली. नुसता पत्ता सांगताना कुणाला आपली जात उच्चारावी लागू नये, म्हणून.